घोटा लचकल्यावर क्रेप बँडेज: घ्या, पण क्लिपा फेका

कबड्डी खेळताना आमच्या पोराचा घोटा लचकला. आर्वीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाड शाबूत होतं, अन् १० सेंटिमीटर रुंदीची क्रेप बँडेज लिहून दिली. वस्तू लय कामाची आहे. बोटांच्या मुळापासून सुरू करायचं, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे द्यायचे, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत पिंडरीकडे न्यायचा. बोटं गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, की लगेच सैल करायची. रात्री काढून ठेवायची.

सोबतच्या क्लिपा मात्र बेकार. सटकतात, पोराले टोचतात. चिकटपट्टी वापरा.

शेजारचे रोज सांगत, तेल लावून चोळून द्या. बाप्पा, पहिले ४८ तास चोळू नका, शेकूही नका, सूज वाढते. बर्फ रुमालात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा.

धुतल्यावर सावलीत आडवी वाळवायची. तारेवर लटकवली की ताण जातो.

बँडेज आधार देते, ताकद नाही. त्यासाठी पोरगं आता भिंत धरून एका पायावर उभं राहते. मैदानासाठी जीव तडफडते त्याचा, पण उडी मारताना दुखते तोवर मी सोडणार नाही.