दोन वर्षांच्या पोरीचा म्युझिक क्लास: ताईंना १० पैकी ९, पोस्टरला २

कोथरूडमधला क्लास आहे, नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण थोडी कुरकुर करणारे. लेक सव्वादोन वर्षांची, १२ शनिवारांचं पॅकेज घेतलं, ४५ मिनिटं, आई नाहीतर बाबा सोबत पाहिजेच, बॅचमध्ये आठ पोरं. फी ६ हजार, आजारपणात बुडलेला वार भरून मिळत नाही हे पैसे भरल्यावर कळलं. आमचे दोन शनिवार सर्दीत गेले ते गेलेच.

दारातच मोठ्ठं पोस्टर, मोझार्ट (पाश्चात्य शास्त्रीय संगीतातला जुना संगीतकार) ऐकवा मेंदू तल्लख करा टाइपचं. ते वाचून मी आधीच वैतागले, कारण ते मोझार्टचं सगळं प्रकरण निघालं १९९३ च्या एका छोट्याशा प्रयोगातून, आणि त्यात बाळं नव्हतीच हो, ३६ कॉलेजची मुलं होती, १० मिनिटं मोझार्ट ऐकून कागद घडी घालून कापला तर कसा दिसेल असल्या कोड्यांत त्यांना जरा बरे मार्क पडले आणि १०-१५ मिनिटांत तो असर उतरला पण. त्यावर अमेरिकेत जॉर्जियाच्या गव्हर्नरनी १९९८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत वाटायला बजेटमधून १ लाख ५ हजार डॉलर मागितले होते! आणि इथे काउंटरवर १५०० रुपयांचा 'ब्रेन बूस्टर' पेन ड्राइव्ह. नाही घेतला.

पहिले तीन शनिवार वाईट गेले. स्पीकर एवढा मोठ्याने की लेक माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली, मी सांगितलं तर एक काटा कमी केला बस.

चौथ्या शनिवारी लाइट गेले आणि खरा क्लास तेव्हा सुरू झाला. ताईंनी सतरंजीवर मांडी घातली, खंजिरी घेतली आणि मांजरीचं एक बडबडगीत अगदी सावकाश म्हणायला लागल्या, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गिळायचा आणि भुवया वर करून पोरांकडे बघत थांबायचं. नुसतं थांबायचं. माझ्या पोरीचे तेव्हा मोजून पंधरा-वीस शब्द, तिसऱ्या फेरीला ती ओढणीतून बाहेर आली आणि जोरात ओरडली 'म्याव'! मग शेजारचा मुलगा. मग सगळेच म्याव. पुढच्या वेळेपासून आम्ही चौघींनी मिळून सांगितलं की ताई, स्पीकर नकोच, आणि त्यांनी ऐकलं बरं का.

मांडीवर घेऊन उडवायचा प्रकार पण असतो, आधी दोनाच्या ठेक्यावर मग तीनाच्या, मला वाटलं टाइमपास आहे. पण कॅनडातल्या दोघींनी ७ महिन्यांच्या बाळांवर हेच करून बघितलंय, २००५ मध्ये 'सायन्स' नावाच्या शोधपत्रिकेत आलंय ते. ताल तोच, सपाट, कुठेच जोर न दिलेला, पण काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला उडवलं काहींना दर तिसऱ्या, आणि नंतर ज्या बाळाला जसं उडवलं तसा जोर असलेला ताल ते जास्त वेळ ऐकत राहिलं. डोळे बांधले तरी तेच, पण दुसऱ्याला उड्या मारताना नुसतं बघितलं तर काही नाही. म्हणजे ठेका अंगातून कानात जातो, मग टीव्हीसमोर बसवून काय उपयोग.

हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, 'अगं मग मी घोडा घोडा खेळते ते काय वेगळं, त्याला पेट्रोल जाळत जायला कशाला पाहिजे?' उत्तर नव्हतं माझ्याकडे. फक्त एवढंच की घरी सात अजून पोरं नाहीत, आणि आता लेक डफली दुसऱ्याच्या हातात देऊन स्वतःची पाळी यायची वाट बघते, निदान दहा सेकंद तरी.

एक सिरियस गोष्ट. वाद्यं तोंडात जातात सगळ्यांची, ती पुसलेली असतात का विचारा. आणि घुंगरांची पट्टी जुनी झालेली, एक घुंगरू निघून लेकीच्या मुठीत सापडलं, तोंडात गेलं असतं तर? सांगितल्यावर पट्टी बदलली, पण ते मी बघायचं का त्यांनी?

पुढचं पॅकेज घेतोय, पण सहा शनिवारांचंच, आणि ताई त्याच असतील असं आधी विचारून. बाकी सध्या घरात कुकरचं झाकण आणि पळी, सकाळी साडेसहाला, खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्यात.