बगदाद रेल्वे की हिजाझ रेल्वे: बघायला कुठं जावं?

ऑटोमन काळातल्या रेल्वेचा नाद लागला की हा प्रश्न कधीतरी पडतोच. तुर्कस्तानात कोन्याहून अदानाकडे बगदाद लाइननं जायचं, की जॉर्डन आणि सौदीत हिजाझ लाइनचा माग काढायचा? एका रजेत दोन्ही बसवणं अवघड. मी आधी हिजाझ केली, बगदाद नंतर.

कागदावर हिजाझच भारी वाटते. सुलतान अब्दुल हमीदनं १९०० साली काम काढलं आणि १९०८ मध्ये गाडी मदिनेला पोचलीसुद्धा. दमास्कसपासून साधारण १,३०० किलोमीटर, बहुतेक वाळवंटातून, आणि परदेशी कर्ज न काढता. देशोदेशीच्या मुसलमानांनी वर्गण्या दिल्या, त्यात हिंदुस्थानातलेही होते.

बगदादचं सगळंच रखडलेलं. १९०३ चा करार, मागे जर्मनीची डॉइश बँक आणि खुद्द कैसरचा, म्हणजे जर्मन सम्राटाचा जोर. तरी इस्तंबूल ते बगदाद सलग गाडी धावली ती १९४० मध्ये. तोवर सुलतानही गेला होता आणि कैसरचं साम्राज्यही. पण मला विचाराल तर खरी गंमत या रखडण्यातच आहे. सुलतानानं कंपनीला दर किलोमीटरमागे वर्षाला ठरावीक पैशांची हमी दिली होती, सपाटीला जेवढी तेवढीच डोंगराला. मग काय होणार? कोन्यापासून बुलगुर्लूपर्यंतचे सपाटीवरचे २०० किलोमीटर १९०४ मध्ये झटपट तयार झाले. पुढे तोरोसचे डोंगर दिसू लागले आणि कित्येक वर्षं काम तिथंच अडून राहिलं. बोगद्यांतून मुख्य लाइनच्याच रुंदीच्या रुळांवरची गाडी आरपार गेली ऑक्टोबर १९१८ मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्कस्ताननं शस्त्रसंधी केली त्याच महिन्यात.

हिजाझनं माझा विरस केला तो एकाच गोष्टीनं: तिथं रेल्वे बघायची ती मोटारीतून. सौदीत बहुतेक ठिकाणी रूळ उरलेलेच नाहीत. हायवेवरून जायचं, लांबवर भराव दिसला की ड्रायव्हरला थांबवायचं, स्टेशनापर्यंत चालत जायचं आणि परत एसीत येऊन बसायचं. काही स्टेशनांच्या फरशा लोकांनी उकरून ठेवल्यात, तुर्कांनी जाताना सोनं पुरलं अशी समजूत आहे म्हणून. दोन-तीन स्टेशनं झाली की ड्रायव्हर विचारतो, ‘अजून एक? सारखंच तर आहे.’ आणि त्याचं अगदीच चूक नसतं. अम्मानहून हौशी प्रवाशांसाठी गाडी सुटते, पण तिच्या भरवशावर बेत आखू नये.

बगदाद लाइनवर तिकीट काढून बसता येतं, माझ्यापुरता फरक एवढाच आणि तो पुरेसा. कोन्याचं पठार कंटाळवाणं आहे, खुशाल झोपा. पोझांती आलं की मात्र जागे व्हा. तिथून बोगद्यामागून बोगदे, मधेच क्षणभर दरी, पुन्हा अंधार. वार्दाचा पूल १७२ मीटर लांब आणि ९८ मीटर उंच, पण गाडीतून तो जवळपास कळतच नाही, कठड्यापलीकडे एकदम काहीच नसतं एवढंच. नीट बघायचा तर हाजीकिरीला उतरून चालत जावं.

आपल्याकडच्या माणसाला या लाइनचं आणखी एक कारण आहे. १९१६ च्या एप्रिलमध्ये इराकमधल्या कूतला तुर्कांना शरण आलेली ब्रिटिशांची फौज म्हणजे सहावी, अर्थात पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कैदी झालेल्यांपैकी कित्येकांना याच रेल्वेच्या कामाला जुंपलं. ब्रिटिश कैदी तोरोसच्या बोगद्यांवर, तर हिंदी शिपायांपैकी बरेच पुढे रास अल-ऐनच्या बाजूला. तो भाग आता सीरियाच्या सरहद्दीवर येतो, आणि सरहद्दही बरंच अंतर या रुळांच्याच कडेनं आखलेली आहे. सध्या तिकडे जा असं मी कुणालाच म्हणणार नाही.

इस्तंबूलहूनच सुरुवात करायची हौस असेल तर तिथल्या हैदरपाशा स्टेशनाहून गाड्या २०१३ पासून बंद आहेत, तेव्हा ती इमारत बाहेरून बघा आणि कोन्यापर्यंत फास्ट ट्रेननं जा. सौदीतल्या मदाइन सालेहची नबाती (प्राचीन अरब लोकांची) थडगी बघायला अल-उलाला जाणारच असाल, तर हिजाझचं जीर्णोद्धार केलेलं स्टेशन जवळच आहे, ते त्यातच उरकेल. निव्वळ रेल्वेसाठी वेगळी रजा टाकणार असाल तर मी अदानाचं तिकीट काढेन, दिवसाच्या गाडीचं.