लॉनमोवर आणि स्नोब्लोअरचं ऑइल: एसएई ३०, १०डब्ल्यू-३० की सिंथेटिक ५डब्ल्यू-३०?

मोटारीत घालून उरलेलं ऑइल गवत कापायच्या मोवरमध्ये किंवा बर्फ हटवायच्या स्नोब्लोअरमध्ये ओतायचं, हा सर्रास चालणारा प्रकार. कधी तो खपून जातो, कधी इंजिन बसतं. या लहान इंजिनांना रेडिएटर नसतो, वाऱ्यावरच ती थंड होतात. ढकलायच्या मोवरमध्ये आणि बहुतेक स्नोब्लोअरमध्ये ऑइलचा पंपही नसतो, फिल्टरही नसतो. स्नोब्लोअरचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आडवा असतो, म्हणून त्यात पिस्टनला या दांड्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या टोकाला असलेला छोटा चमचा ऑइल उडवतो. मोवरचा शाफ्ट उभा, तिथे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या गिअरवर चालणारी पात्यांची चकती हे काम करते. आतल्या सगळ्या भागांना मिळतं ते हे उडालेलं ऑइलच, आणि तेही जेमतेम अर्धा-एक लिटर. सुरू करताना ते इतकं घट्ट असेल की उडणारच नाही, किंवा तापल्यावर इतकं पातळ होईल की थर धरणार नाही, तर पहिला बळी कनेक्टिंग रॉडचा. म्हणून ऑइल निवडताना आधी हवेचं तापमान बघायचं आणि मग बाटलीवरचं नाव.

मोवरचं पारंपरिक ऑइल म्हणजे एसएई ३०. एसएई हे घट्टपणाचं मानांकन, आकडा जितका मोठा तितकं तापलेलं ऑइल घट्ट. लहान इंजिनं बनवणाऱ्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या तक्त्यात ते ४ ते ३८ अंश सेल्सिअससाठी दिलं आहे. यात तापमानाप्रमाणे घट्टपणा सांभाळणारे पॉलिमर नसतात, त्यामुळे ते तुटून ऑइल पातळ होण्याचा प्रश्नच येत नाही. तापलेल्या सिलिंडरवर त्याची वाफ कमी होते आणि इंजिन ऑइल खात नाही. भर उन्हात तासन्‌तास गवत कापायचं असेल, तर साध्या, म्हणजे सिंथेटिक नसलेल्या, ऑइलांमध्ये आमची पसंती यालाच. दोष एकच, पण मोठा: ४ अंशांखाली इंजिन सुरू करायची दोरी जड येते आणि सुरुवातीचे काही क्षण आतले भाग कोरडे राहतात. स्नोब्लोअरमध्ये एसएई ३० घालूच नये. लहान मोवरच्या मापाची ५३२ मिलीची बाटलीही मिळते. ती सोयीची आहे, मात्र आपल्या इंजिनाचं माप तेवढंच आहे ना, हे आधी पुस्तिकेत पाहावं.

१०डब्ल्यू-३० हा मधला मार्ग. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला घट्टपणा सांगतो, नंतरचा तापल्यावरचा. होंडा आपल्या मोवरच्या इंजिनांना सर्वसाधारण वापरासाठी हेच सुचवते. १०० अंशांवर त्याचा घट्टपणा एसएई ३० च्याच पट्ट्यात मोजला जातो, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे घट्टपणाचं एकक). फरक थंडीत पडतो. साध्या १०डब्ल्यू-३० ला ब्रिग्जच्या तक्त्यात उणे १८ पासून परवानगी आहे, पण २७ अंशांच्या वर ऑइल जास्त जळेल असा इशाराही सोबत आहे. तो इशारा खरा मानावा. मूळ ऑइल पातळ, त्यामुळे तापल्यावर त्याची वाफ जास्त होते, आणि ती ब्रीदर या वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून थेट कार्ब्युरेटरकडे जाऊन जळते. वसंत ऋतूत आणि पानगळीत मोवर चालवणाऱ्याला हे ऑइल पुरेसं आहे. कडक उन्हाळ्यात दर वेळी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहायची तयारी हवी.

दोन्ही यंत्रं घरात आहेत आणि बाटली एकच ठेवायची आहे, तर पूर्ण सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेनं तयार केलेलं, ५डब्ल्यू-३० घ्या. आमचा कौल निःसंशय याला. ब्रिग्जच्या तक्त्यात त्याची मर्यादा साधारण उणे ३० ते ४९ अंश आहे. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशांवरही ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट न होणारं ऑइल. १०डब्ल्यूची हीच चाचणी उणे २५ वर होते. रात्रभर गारठलेल्या शेडमधला स्नोब्लोअर पहाटे सुरू करताना हा फरक दोरी ओढणाऱ्या हाताला कळतो. इथे ‘सिंथेटिक’ या शब्दाला महत्त्व आहे. साधं ५डब्ल्यू-३० फक्त थंडीसाठी ठीक, ४ अंशांच्या वर ते मोवरमध्ये नको. सिंथेटिक महाग असतं हे मान्य, पण एका वेळी लागतं किती? ढकलायच्या मोवरला साधारण ०.४ ते ०.६ लिटर, लहान स्नोब्लोअरला ०.६ च्या आसपास, मोठ्याला लिटरभर. आधी साधं ऑइल होतं म्हणून सिंथेटिक चालणार नाही, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही एकमेकांत मिसळतात.

०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-२० या मोटारींच्या ऑइलांपासून दूर राहावं. इंधन वाचवण्यासाठी ती मुद्दाम पातळ केलेली असतात आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात त्यांचा थर टिकत नाही. १५डब्ल्यू-४० हे डिझेलसाठी विकलं जाणारं ऑइल उन्हाळ्यात मोवरला चालून जातं, पण बाटलीच्या मागे पेट्रोल इंजिनाची एस-वर्गाची खूणही हवी. बाटलीवरच्या एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) गोल चिन्हात एसजे, एसएल, एसएम, एसएन किंवा एसपी यांपैकी काहीही असेल तर हरकत नाही. एसपी ही २०२० ची श्रेणी. नुसतं ‘एसए’ किंवा ‘एसबी’ लिहिलेलं स्वस्त ऑइल उचलू नका, त्या श्रेणी कधीच्या कालबाह्य झाल्या. नव्या ऑइलांत झीज रोखणाऱ्या जस्ताचं प्रमाण कमी, म्हणून त्याचं वेगळं औषध मिसळा, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. लहान इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंग हलक्या असतात, त्यांना त्याची गरज नाही. उत्पादकही वरून काही मिसळू नका असंच सांगतात.

ऑइल कितीही चांगलं असलं तरी पातळी चुकली की सगळं वाया. कमी असेल तर चमचा पोचत नाही आणि रॉड तुटून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, फोडतो. जास्त असेल तर फेस होतो, निळा धूर येतो, एअर फिल्टर भिजतो. डिपस्टिकची गंमत अशी की होंडाच्या अनेक इंजिनांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची असते, तर काही इंजिनांत पूर्ण फिरवून. दोन पद्धतींत बराच फरक पडतो, तेव्हा पुस्तिका उघडाच.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल ५ तासांनी बदला, धातूचा बारीक कीस त्यातच असतो. पुढे दर ५० तासांनी किंवा हंगामाला एकदा, आणि धुळीत, उन्हात, जास्त भाराखाली चालत असेल तर २५ तासांनी. बदलण्याआधी इंजिन काही मिनिटं चालवून ऑइल कोमट करा, बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढा. ऑइल काढायचा ड्रेन नट नसलेला मोवर कलता करावा लागतो. टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवा, आणि एअर फिल्टर व कार्ब्युरेटरची बाजू वर राहू द्या. उलट्या बाजूला कलवलं तर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि यंत्र सुरू होत नाही. भरताना मापाच्या तीन चतुर्थांश ओता, दोन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं घाला.

ऑइलचा रंग आणि वास नेमानं बघावा. पातळी आपोआप वाढली आणि पेट्रोलचा वास आला, तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई, फ्लोट नीडल, गळते आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय नवं ऑइल भरून उपयोग नाही. स्नोब्लोअरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. पाच-दहा मिनिटं चालवून बंद केलेलं इंजिन पुरतं तापत नाही आणि आतल्या वाफेचं तिथेच पाणी होतं. असं ऑइल लगेच बदला, आणि पुढे दर वेळी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालू द्या. हेच पाणी ब्रीदरच्या नळीत गोठलं तर क्रँककेसमधला दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर येतं. बऱ्याचदा सील बदललं जातं, नळी मात्र तशीच राहते.

स्नोब्लोअरच्या पुढच्या ऑगरचा, म्हणजे बर्फ आत ओढणाऱ्या फिरत्या स्क्रूचा, गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असतो. त्यात इंजिन ऑइल घालू नका. पुस्तिकेत सांगितलं असेल तसं गिअर ऑइल किंवा ग्रीसच वापरा.