ज्युडिथ कोणाची : काराव्हाज्जोची की आर्तेमिसियाची?

माझी भाची चित्रकला शिकते. बायबलमधल्या ज्युडिथचं एकच चित्र अभ्यासाला घ्यायचं, तर कुठलं, यावर तिचं अडलंय. होलोफर्नीस या शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं कापून आपलं गाव वाचवणारी ही विधवा. इटलीच्या काराव्हाज्जो या चित्रकारानं ती 1599च्या सुमारास रंगवली, तिथल्याच आर्तेमिसिया जेंतिलेस्की या चित्रकर्तीनं 1620च्या आसपास. भाचीला माझं सांगणं असं.

आधी हात बघ. काराव्हाज्जोची ज्युडिथ तलवार धरते खरी, पण अंग मागे घेऊन, कपाळाला आठ्या घालून, जणू नकोसं काम उरकतेय. आर्तेमिसियाच्या ज्युडिथनं बाह्या वर सारल्यात, डाव्या मुठीत त्याचे केस गच्च आवळलेत. मान कापायला जोर लागतो, हे तिच्या दंडांवरून कळतं.

दासीत तर जमीनअस्मानाचा फरक. एकीकडे सुरकुतलेली म्हातारी कापड धरून नुसती उभी. दुसरीकडे तरुण दासी त्याला सगळ्या ताकदीनिशी दाबून धरतेय आणि त्याची मूठ तिच्या गळ्याशी भिडलीय. दोघी मिळून करताहेत हे काम! मला हेच खरं वाटतं. आर्तेमिसियावर बलात्कार झाला होता, 1612चा खटला प्रसिद्ध आहे. पण चित्राचं मोल तेवढ्यावर ठरवू नकोस, तिची रचनाच भक्कम आहे.

रक्ताच्या बाबतीतही आर्तेमिसियाच सरस. पांढऱ्या गादीवरून ओघळ उतरतात.

प्रकाश-अंधार आणि चेहऱ्यावरची घालमेल शिकायची असेल तर काराव्हाज्जो घे, रोमच्या पलाझ्झो बार्बेरिनी या संग्रहालयातला. देहाचं वजन, जोर आणि बाईची कृती रंगवायची असेल तर फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयातली आर्तेमिसिया.