एचटीएमएक्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

अर्ज, याद्या, शोध आणि मंजुरी एवढाच ज्यांचा पसारा असतो, अशा कार्यालयीन प्रणालींसाठी गेले काही महिने मी जँगो या पायथॉनमधील वेब फ्रेमवर्कच्या जोडीला एचटीएमएक्स ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरत आहे. कार्सन ग्रॉस यांनी आपल्याच इंटरकूलर या जुन्या लायब्ररीचा पुढचा अवतार म्हणून २०२० मध्ये तिची पहिली आवृत्ती आणली. मी वापरतो ती २०२४ ची दुसरी.

ब्राउझरने सर्व्हरकडून जेसन स्वरूपातला नुसता डेटा आणून त्यावरून पान रचण्याऐवजी एचटीएमएलचा तयार तुकडाच मागवायचा आणि हव्या त्या जागी बसवायचा, एवढेच तिचे काम. कोणती विनंती, केव्हा आणि कुठे, हे एचटीएमएल टॅगच्या ॲट्रिब्यूटमध्येच (गुणधर्मांतच) लिहिलेले असल्यामुळे बटण दाबल्यावर काय घडते याचे उत्तर त्या बटणापाशीच सापडते. मंजुरीचे नियम सर्व्हरवर एकदाच लिहावे लागतात. त्यांची दुसरी प्रत जावास्क्रिप्टमध्ये सांभाळावी लागत नाही. बिल्डची, म्हणजे जावास्क्रिप्ट ब्राउझरला देण्याआधी साधनांकरवी जुळवून घेण्याची, पायरीही गेली. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचे पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सार्वजनिक भांडारातून काढले गेले आणि असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले, हे ज्यांना आठवते त्यांना यातले सुख वेगळे सांगायला नको.

मात्र तिच्या काही खोडी आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. सर्व्हरचा प्रतिसाद ४०० किंवा ५०० च्या घरातला, म्हणजे चूक झाल्याचे सांगणारा, असेल, तर एचटीएमएक्स तो मुळात पानात बसवतच नाही. अर्जातील चुकांसाठी ४२२ हा कोड पाठवणे शिस्तीचे खरे, पण तसे केले की समोरचा कारकून बटण दाबत राहतो आणि पडदा ढिम्म हलत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ही वागणूक सेटिंगमधून बदलता येते. ती पहिल्याच दिवशी बदलून घ्यावी. शोधाच्या चौकटीचेही तसेच आहे. ती 'कीअप'वर, म्हणजे कळ सोडल्याच्या घटनेवर, बेतली तर माऊसने पेस्ट केलेल्या नावाची दखल घेत नाही. 'इनपुट' ही चौकटीतला मजकूर बदलल्याची घटना आणि अर्ध्या सेकंदाचा विलंब दिला की काम भागते.

घोडे अडते ते माणसांपाशी. तरुण सहकाऱ्यांना बायोडेटावर रिॲक्ट, म्हणजे पडदा ब्राउझरमध्येच रचणारी लोकप्रिय जावास्क्रिप्ट लायब्ररी, हवे असते, आणि नोकरीच्या जाहिराती तेच मागत असताना त्यांना दोष देणे मला पटत नाही. पण आमच्या धंद्यात साधनाची निवड हातातल्या कामापेक्षा पुढच्या मुलाखतीकडे पाहून होते, आणि त्याचे बिल ग्राहक भरतो, हेही खरेच.

इंटरनेट नसताना काम चालवायचे असेल किंवा एका बदलासरशी पडद्यावरच्या अनेक जागा तत्काळ बदलायच्या असतील, तर मी आजही रिॲक्टच घेतो. सध्याच्या प्रणालीत वेळापत्रकातील नोंदी ओढून सरकवण्याचा भाग तसाच आहे. तो रिॲक्टमध्येच ठेवला असून पानात त्याला स्वतंत्र डिव्ह (एचटीएमएलमधला कप्पा) दिला आहे, आणि एचटीएमएक्सची कोणतीही अदलाबदल त्या डिव्हपर्यंत पोहोचू दिलेली नाही.