आठ आठवड्यांची ऑनलाइन ख्रिस्ती रिट्रीट केली, माझा अनुभव

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. "छान आहे, नक्की करा" एवढं लिहून मोकळं होता आलं असतं पण मी जॉइन व्हायच्या आधी असेच सगळे रिव्ह्यू वाचले होते आणि त्यातून नक्की करायला काय लावतात, समोर बोलायला कुणी असतं का, आणि मुख्य म्हणजे त्याने काही फरक पडतो का, यातलं काहीच कळलं नव्हतं. म्हणून जे झालं ते सगळं लिहिते.

तर ही घर-नोकरी सांभाळून करायची रिट्रीट आहे, रिट्रीट म्हणजे प्रार्थनेसाठी मुद्दाम बाजूला काढलेला काळ. रोज एक तास प्रार्थना, त्यासाठी ॲपवर शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला) एक उतारा ऑडिओत येतो आणि खाली दोन-तीन प्रश्न असतात, रात्री झोपायच्या आधी पंधरा मिनिटं दिवसाची उजळणी, आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाबरोबर पाऊण तास व्हिडिओ कॉल. माझ्या मार्गदर्शक एक सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी होत्या, वयाने बऱ्याच मोठ्या आणि बोलायला अगदी कमी. कॅथलिक असायलाच हवं असं नाही, माझ्या बॅचला वेगवेगळ्या चर्चचे लोक होते.

पद्धत संत इग्नेशियस लोयोला यांची. हे मूळचे सैनिकी पेशातले, 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून पाय मोडला, बरं होईपर्यंत पडून राहावं लागलं आणि त्या काळात ख्रिस्ताचं नि संतांचं चरित्र वाचता वाचता माणूसच बदलला. त्यांनी बांधलेल्या साधनेला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. मूळ साधना साधारण 30 दिवसांची, सगळं सोडून एकांतात जाऊन करायची, पण ज्यांना कामधंदा सोडता येत नाही त्यांनी रोज दीड तास काढून घरूनच करावी ही सोय त्यांनी स्वतःच 19व्या सूचनेत लिहून ठेवलीय. मला हे माहीत नव्हतं, मला वाटायचं ऑनलाइन म्हणजे पाणी घातलेला प्रकार असणार.

मी गेले ते शांती हवी म्हणून. दोन वर्षं माझं ताईशी बोलणं बंद होतं. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा रात्री मी बसायचे, ताई लांब राहते, ती आठवड्यातून एकदा यायची, आणि एकदा वॉर्डच्या बाहेर सगळ्यांसमोर आमचं वाजलं. पुढच्या आठवड्यात बाबा गेले. त्यानंतर कामापुरते मेसेज, मग तेही नाही. रात्री आडवी झाले की ती काय काय बोलली ते डोक्यात सुरू व्हायचं, शब्द न् शब्द. माझी अपेक्षा एवढीच होती की प्रार्थना करून करून हे आवाज बंद होतील, ताईला मध्ये न आणता.

पहिले दोन आठवडे छान गेले, देवाचं प्रेम, आपण निर्माण झालो ते कशासाठी, असे उतारे. खरं काम तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायातला उधळ्या पुत्र, बापाकडून वाटा घेऊन गेलेला आणि सगळं उधळून परत येणारा, लहानपणापासून शंभर वेळा ऐकलाय, पण इथे तो चार दिवस दिला होता, एका दिवशी फक्त दोन-तीन वचनं. घाई करायची नाही, त्या जागी जाऊन उभं राहायचं, कोण कुठे आहे बघायचं. धाकटा मुलगा घरी यायच्या आधी वाक्यं जुळवून ठेवतो, की मी पाप केलंय, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. आणि प्रत्यक्ष भेट झाल्यावर शेवटचं वाक्य येतच नाही, बाप त्याच्या आधीच नोकरांना झगा आणायला सांगतो. मी हे कधी बघितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी थोरला भाऊ. धाकट्यासाठी मेजवानी चाललीय म्हणून तो घरात जायला तयार नाही, बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, आणि हा बापाला म्हणतो "हा तुमचा मुलगा". माझा भाऊ म्हणत नाही. बाप उत्तर देताना हळूच शब्द बदलतो, "हा तुझा भाऊ".

त्या आठवड्याच्या कॉलला मी सिस्टरना बराच वेळ सगळं सांगत होते, वहीतून वाचून दाखवत होते. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तीन आठवडे तुम्ही 'ती' म्हणताय. नातं काय तुमचं?" मी म्हटलं, मोठी बहीण. "मग हाक काय मारता?" मला उत्तर द्यायला जमेना. वहीची पानं उलटून बघितली, साधी रेघांची वही, वीस-बावीस पानं भरलेली, आणि त्यात ताई हा शब्द एकदाही नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या टोकाला गेले. मीच वाईट, माझ्यासारखी पापी कुणी नसेल, मला बाबांची सेवा करायचाही अधिकार नव्हता, असं पानंच्या पानं लिहिलं आणि मनात कुठेतरी वाटत होतं की आता सिस्टर म्हणतील वा, किती नम्रता. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही ताईला नेमकं काय बोललात त्या दिवशी? तुमचं वाक्य सांगा." दोन वर्षं तिची वाक्यं पाठ होती आणि माझं एक वाक्य आठवायला मला अर्धा मिनिट लागलं. मी म्हणाले होते, "तू नुसती बघायला येतेस, पाहुण्यासारखी." बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. सिस्टर म्हणाल्या, हेच लिहा, बाकीचं खोडा.

या एका गोष्टीसाठी मी या सर्व्हिसला मनापासून मानते. नम्रता म्हणजे स्वतःला दूषणं देणं असं मी आजवर धरून चालले होते. लॅटिनमध्ये नम्रतेच्या शब्दाचं मूळ माती या शब्दाशी आहे हे त्यांनी जाता जाता सांगितलं, जमिनीवर उभं राहणं, जेवढे आहोत तेवढेच दिसणं. मी सगळ्यात पापी हे वाक्य मला तसंच मोठं ठेवत होतं, आणि "पाहुण्यासारखी" हे एक वाक्य कबूल करताना मात्र घशात अडकत होतं. पश्चात्तापाचंही तेच. आपल्या शब्दात ताप आहे, मागाहून होणारी होरपळ, पण नव्या करारातला ग्रीक शब्द मेटानोइया, त्याचा अर्थ मन वळणं, विचारच बदलणं. होरपळ तर येशूला पैशांसाठी पकडून देणाऱ्या यहूदालाही झाली, तो पैसे परत करायला गेला. येशूचा शिष्य पेत्रही, मी त्याला ओळखत नाही असं म्हटल्यावर, बाहेर जाऊन ढसाढसा रडला. फरक हा की पेत्र नंतर येशूसमोर उभा राहिला आणि ज्याने तीन वेळा ओळख नाकारली त्याला तीन वेळा विचारलं गेलं, माझ्यावर प्रीती करतोस का. माझी दोन वर्षं नुसत्या होरपळीत गेली होती, वळले कुठेच नव्हते.

रात्रीच्या उजळणीबद्दल थोडं, कारण कोर्स संपल्यावर माझ्याकडे टिकलेली गोष्ट हीच आहे. पाच पायऱ्या आहेत, आधी आभार, मग स्वतःला नीट बघता यावं म्हणून प्रकाश मागायचा, मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने बघायचा, मग क्षमा मागायची, मग उद्यासाठी एक ठरवायचं. आभार आधी येतात हे फार महत्त्वाचं आहे, मी सुरुवातीला ते वगळून थेट चुका मोजायला बसायचे आणि अजूनच चिडचिड व्हायची. आभाराने सुरू केलं की कुणीतरी सांभाळतंय हे लक्षात येतं आणि मग चूक बघायला एवढी भीती वाटत नाही.

सहाव्या आठवड्यात मत्तयच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय. राजाचं देणं असलेला चाकर. दहा हजार तालांत, म्हणजे किती ते ऑडिओत समजावून सांगितलंय ते छान आहे, एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तर सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. ती माफ झाल्यावर हा बाहेर येऊन शंभर दीनारसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरतो. शंभर दीनार ही काही अगदी फालतू रक्कम नाही हो, तीन महिन्यांहून जास्त मजुरी आहे. ताईने मला दुखावलं ते खोटं नव्हतंच. मला हे कुणीतरी मान्य करायला हवं होतं आणि येशूच्या गोष्टीत ते मान्य आहे, आकडा लिहिलाय. त्याच आठवड्यात इग्नेशियस यांची एक सूचना मिळाली की दुसऱ्याच्या बोलण्याला दोष देण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावायला आधी तयार असावं, अर्थ कळत नसेल तर त्यालाच विचारावं. मी ताईला एकदाही विचारलं नव्हतं.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या.

ॲपवर वरच्या कोपऱ्यात "सलग दिवस" असा काउंटर आहे आणि तो ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसतो. हे काढून टाका, कळकळीने सांगते. लूक 18 मध्ये परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून हेच तर सांगतो, आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो, आणि मागे जकातदार छाती बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. हा उतारा ऐकताना माझ्या स्क्रीनवर 19 चा आकडा होता आणि मी बाकीच्यांचे आकडे बघून आले होते. माणसाला अशी सवय लावायला एक छोटा चौकोन पुरतो.

दुसरं, क्षमा म्हणजे त्रास देणाऱ्या माणसाकडे परत जाऊन राहणं नाही, मारहाण, छळ सोसत बसणं तर अजिबात नाही, हे कोर्समध्ये सांगतात पण थेट सहाव्या आठवड्यात. हे पहिल्या दिवशी ठळक सांगायला हवं. शेजाऱ्यावर प्रीती करा हे ऐकून कुणी भलत्याच घरात अडकून पडू नये. मी फीडबॅकमध्येही लिहिलंय.

बाकी ऑडिओच्या मागचं संगीत बंद करायची सोय नाही, आणि शेवटचं ग्रुप शेअरिंग फार घाईत उरकलं. हे चालवून घेता येईल. आणि कॅथलिक लोकांनी एक लक्षात घ्या, हे पापनिवेदनाच्या ऐवजी नाही, सिस्टरनी मला दोनदा सांगितलं की फादरांकडे जा, आणि मी गेले.

पाच पैकी चार देते. एक कापला तो काउंटर आणि ती उशिरा येणारी सूचना, या दोन्हींचा मिळून. मार्गदर्शकांसाठी वेगळं रेटिंग असतं तर पाच दिले असते.

फोन मी सातव्या आठवड्यात केला. त्या दिवशीचा उतारा मत्तय 5 मधला होता, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. मी ऑडिओ अर्ध्यात थांबवला. हात गार पडले होते. रिंग वाजत राहिली, मला वाटलं नाही उचलणार, मग ताई म्हणाली, "बोल." मी ठरवलं होतं तेवढंच बोलले, की वॉर्डच्या बाहेर मी तुला पाहुण्यासारखी म्हणाले, बाबांना ऐकू गेलं असेल, ते चुकीचं होतं, मला क्षमा कर. "पण तूही" हे शब्द तोंडाशी आले होते, गिळले. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "मला त्या दिवशी कुणी विचारलंच नाही गं की मी कशी आले." ती रात्रभर उभ्याने प्रवास करून आली होती. मला हे दोन वर्षांत माहीत नव्हतं. ती लगेच क्षमा केली वगैरे काही म्हणाली नाही, बघू म्हणाली आणि ठेवला. त्या रात्री मी झोपले, सलग, सकाळपर्यंत. प्रार्थनेचा तास राहून गेल्यामुळे ॲपवर काउंटर शून्य झाला होता.

कोर्स संपून आता तीन महिने झालेत म्हणून हे लिहायला बसले, लगेच लिहिलं असतं तर नुसतं भरून आल्यासारखं झालं असतं. ताईशी सगळं पहिल्यासारखं झालंय असं नाही. आम्ही रविवारी बोलतो, कधी ती करते कधी मी, बहुतेक वेळा साधंच, तब्येत, मुलांच्या परीक्षा. बाबांचा विषय दोघी टाळायचो. गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "शेवटच्या रात्री तू होतीस ना, बाबा काही बोलले का गं?" मी खुर्ची ओढून बसले आणि तिला सगळं सांगितलं.