अल्फा-ट्युब्युलिन अँटिबॉडी, आठ महिन्यांनी: डीलरशी भांडण आणि माझी काटकसर

अल्फा-ट्युब्युलिन म्हणजे पेशीतल्या मायक्रोट्युब्यूल्सचं, म्हणजे बारीक नळीसारख्या धाग्यांचं प्रोटीन; त्याला चिकटून ते दाखवून देणारी ही अँटिबॉडी. डीएम१ए क्लोन, उंदराची मोनोक्लोनल, १०० मायक्रोलिटर. साधारण ३८ हजाराला पडली. पार्सल रात्रीच्या बसनं बेळगावला आलं तेव्हा जेल पॅकचं कोमट पाणी झालेलं. तिथंच माझं डोकं फिरलं.

पहिले चार महिने मस्त गेले. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर वेगळी केलेली प्रोटीन्स मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीनं हवं ते शोधायचं) १:५००० ला, म्हणजे १० मिलीत २ मायक्रोलिटर, ५० किलोडाल्टनवर एकच स्वच्छ रेघ. मग जुलैच्या पावसात एक दिवस वेस्टर्न पूर्ण काळा, एकही रेघ चमकली नाही. मेम्ब्रेनवर पॉन्सो (प्रोटीन दाखवणारा लाल रंग) मारून बघितलं, प्रोटीन नीट उतरलेलं. मी थेट डीलरला फोन लावला, "कोमट पार्सलचंच हे फळ." तो म्हणतो, "अहो मॅडम, सेकंडरी बघा की एकदा!" सेकंडरी म्हणजे आपल्या मूळ अँटिबॉडीला, प्राइमरीला, चिकटणारी दुसरी अँटिबॉडी; रेघ चमकते ती तिच्यामुळं. मी चिडून फोन ठेवला.

चूक माझीच निघाली. पैसे वाचवायला मी पातळ केलेली प्राइमरी अझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) घालून फ्रीजमध्ये ठेवते आणि चार-पाच वेळा वापरते. ते चालतं, कारण ती नंतर धुतली जाते. पण तसाच लोभ मी सेकंडरीवरही केला. तिला एचआरपी हे एन्झाइम जोडलेलं असतं आणि अझाइड त्या एन्झाइमलाच निकामी करतं. मेम्ब्रेनच्या तुकड्यावर दोन थेंब टाकले, एक नव्या सेकंडरीचा, एक माझ्या साठवलेल्या. वर ईसीएल, म्हणजे एचआरपीमुळं चमकणारं द्रावण. अंधाऱ्या खोलीत एकच चमकला. माझा नव्हे.

मायक्रोस्कोपखाली तर ही अँटिबॉडी फारच देखणी. पेशी मायनस वीस अंशांच्या मिथेनॉलमध्ये टाकल्या की केंद्रकाभोवती सुताचा गुंता लख्ख दिसतो. फक्त त्याआधी जिवंत पेशी बर्फावर ठेवू नका, थंडीनं मायक्रोट्युब्यूल्स विरघळतात.

आता खरी तक्रार: डबी. इवलीशी, आणि ग्लिसरॉलमुळं चिकट द्रव झाकणाला धरून बसतो. दरवेळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली उतरवायचा, तरी झाकणाच्या आत एक मणी उरतोच. वहीप्रमाणं आजवर ४१ वेळा २ मायक्रोलिटर काढलेत, म्हणजे १८ उरायला हवेत. काल पिपेटनं मोजले, ११ भरले. सात मायक्रोलिटर म्हणजे अडीच हजारांच्या वर. डीलरला फोन करून जुलैबद्दल माफी मागितली आणि त्याच दमात ह्या सातांचंही सुनावलं. तो हसत होता.